जुन्या घराची दुरुस्ती: आधी पाणी, मग भार, मग वाट, फरशी सगळ्यांत शेवटी

पहिला फोन फरशीवाल्याला जातो, तिथेच बहुतेक घरांचं काम बिघडतं. आईचे गुडघे कुरकुरायला लागलेले असतात, वडिलांच्या हातात वॉकर आलेला असतो. दिवाळीत सगळे जमल्यावर ‘आता घराचं काहीतरी करूया’ असं ठरतं आणि महिन्याभरात ओसरीवर चकचकीत टाइल्स बसतात. पुढच्या आषाढात भिंतीतून ओल चढते, टाइल्स पोकळ वाजू लागतात, तुळईला वाळवी लागल्याचं लक्षात येतं. मग तुळई बदलायला टेकू लावायचे, तेही त्याच नव्या फरशीवर. खर्च दोनदा होतो आणि आई उंबरठा ओलांडताना अजूनही चौकट धरतेच.

इथे डोळ्यांसमोर ठेवलंय ते देशावरचं नेहमीचं घर: दगड-मातीच्या भिंती, लाकडी खण (दोन खांबांमधले गाळे), वर कडीपाट (लाकडी कड्यांवर फळ्या) किंवा माळवद (मातीचं सपाट छत), आणि मागच्या बाजूला १९७०-८० च्या सुमारास जोडलेली स्लॅबची खोली आणि न्हाणीघर. कोकणातल्या चिऱ्याच्या, कौलारू घराला यातलं बरंचसं लागू पडतं. माळवदाचा भाग सोडून द्या.

वेळापत्रक पावसाभोवती आखायचं. जुलै-ऑगस्टमध्ये पाहणी, गणपती ते दिवाळी कागद आणि नकाशे, दिवाळीनंतर काम, आणि मे महिन्याच्या मध्यापर्यंत छप्पर बंद. मार्चमध्ये ठरवून एप्रिलमध्ये छप्पर उघडणारी घरं जूनमध्ये ताडपत्रीखाली असतात.

## १. कागद आणि भावंडं

गावठाणातल्या घराचा उतारा म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८, आणि सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका. बहुतेक घरांत त्यावर अजून आजोबांचंच नाव असतं. वारस नोंद आधी करून घ्या. पैसे एकटा भाऊ घालणार असला तरी बाकीच्या भावाबहिणींची संमती लेखी घ्या. कुठली भिंत काढणार, काय नवं बांधणार, खर्च कोणाचा आणि त्यामुळे हिश्श्यात फरक पडणार का, एवढं एका पानावर पुरे. हे पान नसताना छप्पर उघडलं आणि मुंबईच्या काकांनी हरकत घेतली, तर घर पावसात उघडं पडतं.

वाड्यात शेजाऱ्याची आणि आपली भिंत अनेकदा एकच असते. अशा सामाईक भिंतीत शेजाऱ्याच्याही कड्या, म्हणजे छताची आडवी लाकडं, घुसलेल्या असतात. त्याला दाखवल्याशिवाय तिला हात लावू नका.

भिंत हलवणं, उंची वाढवणं, नवी खोली किंवा स्लॅब असं काही असेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत परवानगीचं लेखी विचारा. ‘सगळे असंच करतात’ हे गवंड्याचं उत्तर झालं, कार्यालयाचं नव्हे.

## २. पावसात घर पाहणं

उन्हाळ्यात प्रत्येक घर चांगलं दिसतं. भर पावसात छत्री घेऊन घराला बाहेरून एक फेरी मारा, मग आत या. सोबत खडू, पेचकस, ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) आणि मोबाइल. प्रत्येक फोटोत फूटपट्टी ठेवा म्हणजे नंतर मापाचा वाद होत नाही.

बाहेर पाहायचं ते एवढंच: पागोळ्या कुठे पडतात, जोत्याशी पाणी साठतं का, मोरीचं पाणी कुठे जातं. रस्ता वर्षानुवर्षं डांबर पडून उंच झाला असेल तर त्याचं पाणी आता तुमच्या जोत्याकडे वळलंय. ही गोष्ट घरातल्या माणसांच्या सवयीची झालेली असते, म्हणून दिसत नाही.

आत आल्यावर तडे वाचा. सगळे तडे सारखे नसतात.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी, पायऱ्यापायऱ्यांनी वर जाणारी भेग बहुधा पाया एका बाजूला खचल्याचं सांगते. दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यातली उभी, वर रुंद होत जाणारी भेग म्हणजे भिंती एकमेकींना सोडतायत. स्लॅब आणि भिंतीच्या सांध्यातली आडवी बारीक भेग अनेकदा उन्हाने स्लॅब ताणल्या-आक्रसल्याची असते, तिची तेवढी काळजी नाही. आणि दगडी भिंतीला पोट आलं असेल, म्हणजे मधला भाग बाहेर फुगला असेल, तर ते सगळ्यांत गंभीर. जाड दगडी भिंत एकसंध दिसते, पण आत बहुधा दोन पदर असतात आणि मध्ये माती-खडीची भर. पोट आलं म्हणजे बाहेरचा पदर सुटला. वरून ओळंबा सोडा आणि दर फुटाला दोरीपासून भिंतीचं अंतर लिहून ठेवा.

तडा अजून चालू आहे की जुना, हे ठरवायला काचपट्टी लावा. तड्यावर आडवी पातळ काच, दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने पक्की, वर तारीख. काच तडकली तर भिंत हलतेय. निदान तीन महिने ठेवा, त्यात पाऊस यायलाच हवा.

लाकूड पाहताना मधला भाग पाहून समाधान मानू नका. कडी किंवा तुळई भिंतीत घुसते ते टोक आणि खांब तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडावर, टेकतो तो तळ, या दोन जागा आधी कुजतात. तिथे पेचकस टोचा. सहज आत गेला किंवा ठोकल्यावर आवाज भदभदा आला, तर वरचा रंग कितीही ताजा असो, लाकूड गेलं.

मागच्या स्लॅबला खालून हातोडीने हलके ठोका. पोकळ आवाजाच्या जागा खडूने घेरा. गंजाचे तांबूस ओघळ, सळईच्या रेषेत गेलेली भेग, सुटलेली खपली, सगळं खुणेत घ्या.

पुढे जाण्याआधी: घराचा हातानेच काढलेला एक नकाशा, त्यावर तडे, ओल, कुजलेली लाकडं आणि पोकळ स्लॅबच्या खुणा. एवढं हातात नसेल तर कोणालाही कोटेशन मागू नका. नाहीतर जो तो आपापल्या डोक्यातल्या घराचा दर देतो.

## ३. इंजिनिअरला काय विचारायचं

कंत्राटदार आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर ही दोन वेगळी माणसं हवीत. काम जितकं मोठं तितका कंत्राटदाराचा फायदा, म्हणून काम किती हे त्याने ठरवू नये.

इंजिनिअरही पारखून घ्या. ज्याने फक्त आरसीसी (सळई-काँक्रीटच्या) इमारती केल्यात त्याला दगड-मातीचं घर दिसलं की ‘पाडा’ हेच सुचतं. लाकडी खणांची किंवा दगडी घराची दुरुस्ती केलेला माणूस शोधा आणि त्याच्याकडून या गोष्टी सहीनिशी लिहून घ्या: छताचा भार कशावर आहे, खांबांवर की भिंतींवर, कड्या कोणत्या दिशेने आहेत, कुठली भिंत आणि कुठला खांब काढायचा नाही, टेकू कुठे, किती आणि कधीपर्यंत.

कधीकधी ‘पाडा’ हे उत्तर बरोबरही असतं. बहुतेक खोल्यांच्या भिंती ओळंब्याबाहेर गेल्यात आणि निम्म्याहून जास्त लाकूड कुजलंय, अशा घरात रॅम्प आणि दांडे बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. तेव्हा परसात एक खोली आणि एक शौचालय-न्हाणी नवी, जमिनीलगत बांधावी, वडीलधाऱ्यांना तिथे हलवावं आणि वाड्याचं पुढे निवांत पाहावं. हा पर्याय भावनेला पटत नाही, पण खर्चाला आणि जिवाला पटतो.

## ४. पाणी बाहेर काढा

ओल थांबल्याशिवाय बाकीचं काम सुरू करायचं नाही. क्रम वरून खाली.

छपराची कौलं, पन्हाळी आणि भिंतीला लागलेले सांधे आधी. मग पागोळ्यांचं पाणी पन्हळातून पाइपात आणि पाइपातून घरापासून लांब. मग जोत्याभोवतीची जमीन: घरापासून बाहेर उतार आणि कडेने गटार. मोरीचं आणि न्हाणीचं सांडपाणी भिंतीच्या बुडाशी मुरत असेल तर तो पाइप आजच बदला. दगड-मातीच्या भिंतीतली माती भिजली की तिचा चिखल होतो आणि दगड नुसते एकावर एक उरतात.

भिंतीच्या तळाला सिमेंटचा गिलावा असेल आणि त्याच्या वर ओलीचा पट्टा दिसत असेल, तर तेवढा गिलावा उतरवा आणि भिंत हिवाळाभर उघडी वाळू द्या.

वाळवीचं औषध याच टप्प्यात. फक्त लाकडाला वरून फासून उपयोग नाही, वारूळ जमिनीत असतं. जोत्यालगत साधारण फुटाफुटावर तिरपी भोकं पाडून त्यांतून औषध जमिनीत सोडतात. हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. आड किंवा बोअर जवळ असेल तर त्याला आधी सांगा.

सावधान: गटारासाठी जोत्याला खेटून खोल चर खणू नका. पायाखालची माती सुटते. अंतर आणि खोली इंजिनिअरकडून घ्या.

## ५. भार: इथे घाई नको

हा टप्पा चालू असताना घरात कोणी राहायचं नाही. ‘आम्ही पुढच्या खोलीत राहू’ हेही नाही. वडीलधाऱ्यांची सोय आधीच लावा. धुळीने दमा वाढतो आणि रात्री टेकूला ठेच लागते.

टेकू. काहीही काढण्याआधी टेकू. खाली जाड फळी, वर लाकडी ठोकळा, मध्ये लोखंडी जॅक. दुमजली घर असेल तर खालचा आणि वरचा टेकू एका ओळीत हवेत, नाहीतर वरचा भार खालच्या कडीच्या मधोमध येतो. जॅक टेकेपर्यंतच आवळायचा. वाकलेली तुळई जॅकने सरळ करायचा मोह अनेकांना होतो. पन्नास वर्षांत बसलेला बाक एका दुपारी उचलला की भिंती तडकतात. बाक राहू द्या, आधार द्या.

माळवदाची माती. दरवर्षी गळतीवर नवी माती टाकत गेल्याने थर फूट-दीड फूट झालेला असतो. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे १०० घनफूट, कोरडी असतानाच सुमारे साडेचार टन. ती थरथराने, दोन्ही बाजूंनी सारखी उतरवा. एका कोपऱ्यात ढीग करून मग घमेल्यांनी खाली टाकणं ही नेहमीची पद्धत, आणि छत बसण्याचं नेहमीचं कारणही तेच.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपात घरं पडली ती अशाच जड मातीच्या छतांची आणि दोन पदर सुटलेल्या दगडी भिंतींची. माती कमी करणं आणि पदर बांधून घेणं, ही दोन कामं लातूर-धाराशिवलाच नाही तर कोयनेच्या आसपासही पहिल्या क्रमांकाची आहेत.

स्लॅबचा मोह. माती काढली की गवंडी म्हणतो, ‘आता स्लॅबच टाकू, मातीपेक्षा हलका.’ वजनाचा हिशेब कधीकधी खराही असतो. पण जुन्या घरात माळवदाचा भार पुष्कळदा लाकडी खांबांवर असतो आणि भिंत नुसता आडोसा असते. खांब काढून स्लॅब त्याच माती-दगडाच्या भिंतीवर टेकवला की जिने कधी छत पेललं नाही तिच्यावर काही टन येतात. स्लॅब हवाच असेल तर त्याला स्वतःचे नवे कॉलम आणि पाया हवा. नाहीतर लाकडी सांगाडा दुरुस्त करून वर हलकं छप्पर. हलक्या छपराचा एकच त्रास: वळवाच्या वाऱ्याला ते उडतं, म्हणून वासे आणि पत्रे बोल्टने खाली बांधून घ्यायचे; नुसते दगड ठेवून भागत नाही.

लाकूड. कुजलेलं टोक तेवढं कापून दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या बोल्टने बसवता येतात. पूर्ण तुळई बदलायची गरज दर वेळी नसते. खांबाचा तळ गेला असेल तर गेलेला भाग कापून तळखडा तेवढा उंच करतात. जुनं सागवान फेकायला सुतार फार उत्सुक असतो, कारण ते त्याला हवं असतं. निघालेलं लाकूड मोजून तुमच्या ताब्यात ठेवा.

भिंत. पोट आलेला भाग टेकू देऊन, थोडा थोडा उतरवून पुन्हा रचायचा. बाकीच्या भिंतीत दोन्ही पदरांना आरपार जोडणारे बंध टाकायचे: दगड काढून आरपार भोक, त्यात वाकवलेली सळई आणि काँक्रीट. नव्याने रचताना आरपार लांब दगड उंचीत दर दोन फुटांवर आणि आडवे चार फुटांपेक्षा जवळ, असं प्रमाण धरतात. कोपऱ्यांना आणि दारांच्या माथ्यावर जाळीचे पट्टे लागतील का, हे इंजिनिअर सांगेल. एकावेळी एकच भोक उघडायचं. आधीचं भरून घट्ट झाल्यावर पुढचं.

मागचा स्लॅब. सळई गंजली असेल तर खपली काढून वर सिमेंट लिंपणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. टेकू द्या, सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढा, गंज घासून काढा, सळई बारीक झाली असेल तर शेजारी नवी जोडा, गंजरोधक लावा आणि पॉलिमर मॉर्टरने थर भरा. काँक्रीट आतून किती खराब झालंय ते कळायला एक सोपी तपासणी आहे: ताज्या फोडलेल्या जागी फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण फवारलं की चांगलं काँक्रीट गुलाबी होतं, रंग बदलला नाही तिथे सळईला संरक्षण उरलेलं नाही.

जुना लाकडी भाग आणि नवा स्लॅबचा भाग जिथे मिळतात तिथली भेग सिमेंटने कायमची बुजवता येत नाही. दोन्ही वेगवेगळे हलतात. तिथे सांधा मोकळा ठेवून वरून पत्र्याची झाकणी द्या.

पाण्याची टाकी. हजार लिटर म्हणजे एक टन. ती कडीपाटावर किंवा जुन्या स्लॅबच्या मधोमध असेल तर या कामातच खाली आणा आणि बाहेर लोखंडी स्टँडवर ठेवा.

पुढे जाण्याआधी: इंजिनिअरने स्वतः येऊन पाहिल्याशिवाय आणि लिहून दिल्याशिवाय टेकू काढायचे नाहीत. सेंटरिंगवाला भाडं वाढतंय म्हणून घाई करतो, भाडं द्या.

## ६. माणूस मोजा, मग घर

‘अपंगांसाठी सोयीचं’ असं एक सर्वसाधारण घर नसतं. गुडघे दुखणाऱ्याला रॅम्पचा उतार कधीकधी पायरीपेक्षा जड जातो. व्हीलचेअरला पायरी चालतच नाही. अर्धांगवायू झालेल्याला एकाच हाताने धरता येतं, म्हणून दांडा कुठल्या बाजूला हा प्रश्न त्याच्यासाठी सगळ्यांत मोठा. दृष्टी अधू असलेल्याला उंबरठ्याच्या कडेचा वेगळा रंग रॅम्पपेक्षा जास्त उपयोगी.

म्हणून त्यांना विचारा, आणि मोजा: पाय जमिनीला टेकवून बसल्यावर गुडघ्याची उंची, उभं राहून हात सैल सोडल्यावर मनगटाची उंची, वॉकर किंवा खुर्चीची रुंदी. त्यांच्या बरोबर दिवसभर चाला आणि ते कुठे काय धरतात ते पाहा. चौकटीवरचा काळा पडलेला डाग सांगतो की दांडा तिथेच हवा.

मग सगळ्या घराचा विचार सोडा आणि एक वाट आखा: रस्ता, ओसरी, झोपायची खोली, न्हाणी-शौचालय, स्वयंपाकघर, देवघर. ही वाट एका पातळीत, उजेडाची आणि धरायला काहीतरी असलेली झाली की काम झालं. माडीचं नंतर बघू. झोपायची खोली न्हाणीजवळ आणणं हा सगळ्यांत स्वस्त बदल, पण माजघरातून पलंग हलवायला घरचेच तयार नसतात.

## ७. पायऱ्या, रॅम्प, दारं

रॅम्पचं गणित साधं: एक इंच चढायला बारा इंच लांबी. जोतं दोन फूट असेल तर रॅम्प चोवीस फूट. ‘जागा नाही’ म्हणून आठ फुटांत बसवलेला रॅम्प म्हणजे घसरगुंडी. रिकामी व्हीलचेअर ढकलून बघा, पटेल. पुढे जागा नसेल तर परसदाराकडे पाहा, तिकडची जमीन बऱ्याचदा उंच असते. किंवा मध्ये वळण घ्या. रुंदी चार फूट, वर दारापुढे पाच बाय पाचची सपाट जागा, कडेला दोन-तीन इंचांचा बांध, पृष्ठभाग खरखरीत. शेणाने सारवलेला किंवा पॉलिश केलेला उतार नको.

रॅम्प झाला तरी पायऱ्या ठेवाच. चढ सहा इंच, पाय ठेवायला फूटभर, सगळ्या सारख्या. एकच पायरी इंचभर कमी-जास्त असेल तर माणूस तिथेच अडखळतो. कठडा दोन्ही बाजूंनी, तीस ते छत्तीस इंच उंच, आणि शेवटच्या पायरीच्या पुढे फूटभर नेलेला, कारण शेवटच्या पायरीलाच आधार संपतो आणि तिथेच पाय चुकतो.

दारातून मोकळी जागा निदान बत्तीस इंच हवी, छत्तीस असेल तर उत्तम. ही जागा दार उघडून मोजायची, चौकट नव्हे. जुन्या दुपाखी दाराचं एक पाखं बंद राहत असेल तर आधी तेच मोकळं करा. कधीकधी एवढ्यानेच काम होतं. दगड-मातीच्या भिंतीत दार रुंद करणं हे पाचव्या टप्प्याचं काम आहे. आधी टेकू, मग नवी तुळई, मग भिंत. सुताराने छिन्नी घेऊन सुरुवात केली असेल तर थांबवा.

उंबरठ्यावरून वाद होतात. मुख्य दाराचा ठेवायचाच असेल तर दोन्ही बाजूंनी उताराची लाकडी पट्टी द्या. आतल्या दारांचे मात्र काढा; उरलाच तर अर्ध्या इंचाहून जास्त नको.

## ८. वीज, गिलाव्याच्या आधी

जुन्या घरात लाकडी पट्टीतल्या वायरी, कधी ॲल्युमिनियमच्या, आणि अर्थिंग नावापुरतं. गिझर लावण्याआधी अर्थिंग नवं करा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच तोडणारा स्विच) बसवा. नुसता एमसीबी शॉक लागण्यापासून वाचवत नाही. आरसीसीबीचं टेस्टचं बटण दर महिन्याला दाबून पाहायचं.

बटणं जमिनीपासून तीन ते चार फुटांवर. पलंगाशी आणि न्हाणीच्या दाराशी एकाच दिव्याचे टू-वे स्विच. रात्रीच्या वाटेवर पायाशी छोटे दिवे. इन्व्हर्टर घेताना पंख्यांआधी या वाटेचे दिवे त्यावर टाका. लाकडी खांबाला खाच पाडून पाइप नेऊ नका. वरून न्या, दिसला तरी चालेल.

## ९. न्हाणी-शौचालय

शक्य असेल तर हे मागच्या स्लॅबच्या भागातच ठेवा. दगड-मातीच्या भिंतीला खेटून नळ आणि ड्रेनेज आणलं की चौथ्या टप्प्याचं सगळं काम वाया.

आत व्हीलचेअर वळायला पाच फुटांचं वर्तुळ लागतं. एवढी जागा नसेल आणि खुर्चीची गरज नसेल तर कमी चालेल, पण दार बाहेरच उघडायला हवं किंवा सरकतं हवं. माणूस आत पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडतं. कडी बाहेरून उघडता येणारी.

कमोडची बैठक जमिनीपासून अठरा ते एकोणीस इंच. सहाव्या टप्प्यात मोजलेल्या गुडघ्याच्या उंचीशी ताडून पाहा. दुकानातला कमोड ठेंगणा असेल तर खाली ओटा द्यावा, पण तो कमोडच्या तळाएवढाच. पुढे आलेल्या ओट्याला पाय अडतो.

दांडे हा सगळ्यांत जास्त चुकणारा भाग. टॉवेलचा रॉड म्हणजे दांडा नव्हे. दीड इंच जाडीचा, भिंतीपासून दोन इंच सुटा, बैठकीपेक्षा आठ-दहा इंच वर आडवा, आणि उठताना ओढायला एक उभा. अर्धांगवायूच्या माणसासाठी चांगल्या हाताच्या बाजूला. आणि तो कशात बसणार हे टाइल लावण्याआधी ठरवायचं. माती-दगडाच्या भिंतीत स्क्रू धरत नाही. पलीकडून लोखंडी प्लेट घालून आरपार बोल्ट किंवा जमिनीतून उभा केलेला दांडा, हेच दोन उपाय. विटेच्या भिंतीतही फक्त गिलाव्यात अडकलेला प्लगचा स्क्रू पहिल्याच जोराच्या ओढीला टाइलसकट निघतो.

बसून अंघोळ करायला भक्कम स्टूल आणि हँड शॉवर. बादली-तांब्याची सवय मोडायची गरज नाही. बादली स्टुलाच्या उंचीच्या चौरंगावर ठेवली की वाकावं लागत नाही. नळ मुठीने फिरवायचे नकोत, दांडीचे घ्या.

तपासणी: टाइल्सच्या आधी जाळी बुजवून दोन इंच पाणी ४८ तास साठवा, खाली आणि बाजूच्या भिंतीवर ओल पाहा. दांडे बसल्यावर कामावरचा सगळ्यांत वजनदार गडी त्यावर लोंबकळून दाखवू दे.

## १०. गिलावा आणि फरशी

माती-दगडाच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा नको. आतली ओल त्यातून बाहेर पडू शकत नाही. ती मागे साठते, मातीला भिजवते आणि वर चढते. चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा द्या. चुन्यात काम केलेला गवंडी मिळायला वेळ लागतो, म्हणून दिवाळीतच त्याला सांगून ठेवा. वरून ऑइलपेंट किंवा प्लास्टिक पेंट लावलात तर पुन्हा तेच.

फरशीआधी पाण्याच्या नळीने सगळ्या वाटेची पातळी घ्या. जुन्या शहाबादीवरच टाइल बसवली की दीड-दोन इंच उंची वाढते: दारं घासतात, न्हाणीचं पाणी खोलीत येतं आणि जिथे उंबरठा काढला तिथे नवी पायरी तयार होते. जुनी फरशी काढूनच नवी घाला. खरखरीत शहाबाद किंवा कोटा अजूनही चांगला. टाइल घेतलीत तर नमुना घरी आणून ओल्या साबणाच्या पाण्यात अनवाणी उभं राहून पाहा. दुकानात बुटांनी काही कळत नाही.

## ११. ताबा घेताना

वडीलधाऱ्यांना आणून वाटेवरून स्वतः चालू द्या, शक्यतो रात्री आणि दिवे घालवून. जिथे ते थांबले किंवा हात शोधू लागले तिथे खूण करा. गवंडी आणि सुतार गावात असतानाच हे बदल होतात, नंतर एका दांड्यासाठी कोणी येत नाही.

मुलगा पुण्यात किंवा परदेशात असेल तर फोनवर ‘झालं का?’ विचारून पैसे पाठवू नका. हप्ते टप्प्यांना बांधा: टेकू आणि माती उतरवणं, भिंती, छप्पर, न्हाणीची पाण्याची चाचणी, फरशी. प्रत्येक हप्त्याआधी इंजिनिअरचा फोटोसकट निरोप. अंदाजपत्रकाच्या वर निदान पाचवा हिस्सा बाजूला ठेवा. जुन्या घरात गिलावा निघाल्यावर काहीतरी निघतंच. आणि दहा टक्के रक्कम पहिला पाऊस संपेपर्यंत राखून ठेवायची, हे करारात आधीच लिहा. काचपट्ट्या काढू नका. त्याच जुन्या जागांवर नवी तारीख घालून पुन्हा लावा आणि ऑगस्टमध्ये पाहा.